मडगार्डच्या पत्र्यावर ठरलेलं विश्वविजेतेपद: 1987 चा टूरिंग कार हंगाम आणि हिंगण्यातली सुनावणी

1987 साली पहिल्यांदाच भरलेली विश्व टूरिंग कार स्पर्धा, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बांधलेल्या गाड्यांची शर्यतमालिका, एका गुणाने सुटली. इटलीचा रोबेर्तो रावाल्या बीएमडब्ल्यू एम3 चालवून विजेता झाला. फोर्ड सिएरा चालवणारे जर्मनीचे क्लाउस लुडविग आणि क्लाउस नीडझविट्झ एका गुणाने मागे राहिले. मार्च ते नोव्हेंबर, अकरा शर्यती, युरोपपासून जपानपर्यंतचा प्रवास, आणि एवढं सगळं करून निकाल अडकला तो चाकावरच्या मडगार्डच्या कमानीपाशी. बाथर्स्टच्या शर्यतीत या दोघांच्या गाडीला मिळालेले गुण तपासणीनंतर गेले आणि विजेतेपद त्या गुणांबरोबर गेलं. पुढच्या वर्षी ही स्पर्धा झालीच नाही. या नावाने ती परत सुरू व्हायला 2005 साल उजाडलं.

मोटार शर्यतीचं हे प्रकरण मी नागपुरात अभियांत्रिकीच्या मुलांसमोर ठेवतो, त्याला कारण आहे. आमच्याकडची मुलं बाहा किंवा फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या मोटार स्पर्धांसाठी गाडी बांधतात, पीथमपूरला किंवा कोइमतूरला ट्रकमधून नेतात, आणि तिथे पहिला सामना ट्रॅकशी नसतो, तपासणीच्या टेबलाशी असतो. नियमपुस्तक, मोजपट्टी, स्टिकर. वर्षभर वेल्डिंगचा धूर खाऊन बांधलेली गाडी त्या टेबलापाशी अडकते तेव्हा मुलांना वाटतं की खेळ बाहेर आहे आणि हे लोक मध्येच आडवे आले. तपासणी हा खेळाचाच भाग आहे, आणि तो वाईट खेळला गेला तर अख्खी स्पर्धा बुडू शकते, हे समजून घ्यायला 1987 सारखं दुसरं प्रकरण मला माहीत नाही.

हंगामाची बांधणी

आधी गाड्यांविषयी. त्या वेळी टूरिंग कार शर्यती ‘ग्रुप ए’ नियमांखाली होत. मूळ अट साधी आहे: बारा महिन्यांत 5000 सारख्या गाड्या बनवा, मगच ती गाडी शर्यतीला पात्र. कंपनी गाडीचे फोटो, मापं, धातू, सगळं एका कागदपत्रात नोंदवते. त्याला होमोलोगेशन म्हणतात. पुढे सुधारित आवृत्ती काढायची तर आणखी 500 गाड्या बनवाव्या लागत. फोर्डची सिएरा आरएस500 याच 500 च्या अटीतून आली आणि 1987 च्या ऑगस्टपासून शर्यतीला पात्र झाली. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारं यंत्र, मोठा; इंजेक्टर दुप्पट. रस्त्यावरच्या गाडीत 224 अश्वशक्ती असलेलं दोन लिटरचं इंजिन शर्यतीत 500 च्या आसपास जायचं. समोर बीएमडब्ल्यू एम3: 2302 सीसी, चार सिलिंडर, टर्बो नाही, ताकद बरीच कमी, पण वळणावर चपळ आणि लांब शर्यतीत भरवशाची.

मग रावाल्या गुणांत टिकला कसा? गुण दोन ठिकाणी मिळत: एकूण क्रमांकाचे वेगळे आणि गटातल्या क्रमांकाचे वेगळे. गट इंजिनच्या क्षमतेवर होते आणि टर्बो गाडीची क्षमता 1.4 ने गुणून धरत. सिएराचं इंजिन 1993 सीसीचं. गुणाकार केला की 2790 च्या पुढे जातं, म्हणजे गाडी अडीच लिटरवरच्या गटात. एम3 त्याच्या खालच्या गटात. सिएरा पुढे निघून गेली तरी एम3 आपल्या गटात पहिली येऊन गुणांचा ढीग गोळा करू शकत होती. मुलं इथे पहिल्यांदा वही उघडतात, कारण गाडी बांधण्याआधी गुणपत्रिका वाचायची असते हे त्यांना आकड्यात दिसतं.

शर्यती लांबच्या होत्या आणि एका गाडीत चालक दोन-तीन. मोन्झा, हारामा, दिजों, न्युरबर्गरिंग, मग स्पाची 24 तासांची शर्यत, बर्नो, सिल्व्हरस्टोन. तिथून थेट ऑस्ट्रेलियात बाथर्स्ट आणि कॅल्डर पार्क, न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनचे रस्ते, शेवटी जपानचं फुजी. स्पा बीएमडब्ल्यूने जिंकली: एरिक व्हॅन द पूल, जाँ-मिशेल मार्तां आणि दिदिए तीस.

या बांधणीत एक गोष्ट सुरुवातीपासून खुपणारी होती. विश्व स्पर्धेचे गुण हवे असतील तर प्रत्येक गाडीमागे 60,000 डॉलर नोंदणी शुल्क. ज्यांनी भरलं नाही त्यांना शर्यतीत उतरता येई, जिंकताही येई, पण गुण मिळत नसत. एकाच ट्रॅकवर दोन स्पर्धा एकमेकांत मिसळून धावत होत्या. प्रेक्षकाला झेंडा पडताना जो पहिला दिसे तो गुणतक्त्यात असेलच असं नव्हतं. मी या शुल्कावर वर्गात फार वेळ घालवत नाही, पण माझं मत स्पष्ट आहे: स्पर्धेच्या पायातला पहिला तडा इथे गेला. विजेता कोण, हे समोर बसलेल्या माणसाला कळलं पाहिजे. ते कळत नसेल तर पुढचे सगळे वाद दुप्पट कडू होतात.

मोन्झा: झटपट निकाल

पहिलीच शर्यत, मार्च महिना. बीएमडब्ल्यू एम3 गाड्या पहिल्या सहा क्रमांकांवर आल्या. तपासणीत त्यांच्या बॉडीचे पॅनल होमोलोगेशनपेक्षा हलके निघाले आणि सगळ्या बाद झाल्या. सातव्या क्रमांकावर आलेली होल्डन कमोडोर विजेती ठरली. ती चालवत होते ऑस्ट्रेलियाचे अॅलन मोफॅट आणि जॉन हार्वी. मोफॅट आयुष्यभर फोर्डचा म्हणून ओळखला गेलेला माणूस. विश्व टूरिंग कार स्पर्धेची पहिली शर्यत त्याच्या नावावर लागली ती फोर्डच्या ऑस्ट्रेलियातल्या कट्टर प्रतिस्पर्धी होल्डनमध्ये.

हलक्या पत्र्याने एवढा काय फरक पडतो, हा प्रश्न दर वेळी येतो. गाडीला किमान वजनाची अट आहेच, मग वरून पत्रा पातळ केला तरी खालून वजन भरावंच लागणार ना? बरोबर. पण ते वजन खाली, जमिनीलगत, हव्या त्या जागी भरता येतं. गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर गाडी कमी कलते, टायर जास्त वेळ टिकतात. फायदा नेमका तिथे आहे.

हे शब्दांत सांगून भागत नाही म्हणून मी एका कारागीर भाऊंना बोलावतो. हिंगणा एमआयडीसीत त्यांचं छोटं शेड आहे. हिवाळ्यापासून कुलरच्या बॉड्या ठोकायच्या, मे महिन्यात मान वर करायला फुरसत नाही, आणि पावसाळ्यात गाड्यांचं डेंटिंग. नागपूरच्या उन्हाळ्याने या शहराला पत्र्याचे असे जाणते हात दिले आहेत. भाऊंनी दोन तुकडे आणले, एक 22 गेजचा, एक 24 चा. 22 गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास, 24 त्याहून पातळ, सहा दशांशाच्या जवळ. डोळ्यांना दोन्ही सारखे. भाऊंनी बोटाच्या पेराने दोन्हींवर टकटक केलं आणि आवाजावरून सांगितलं कोणता कोणता. मग मुलांनी मायक्रोमीटर लावला आणि हिशेब केला: लोखंडाची घनता 7.85 धरली तर एका चौरस मीटरला पाऊण मिलिमीटरचा पत्रा 5.9 किलो, सहा दशांशाचा 4.7 किलो. सव्वा किलोच्या आसपासचा फरक एका चौरस मीटरमागे, आणि तोही गाडीच्या वरच्या अंगाला.

मोन्झात काय बरोबर झालं हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या भागात ते दिसणार नाही. मोजण्यासारखी गोष्ट होती, आणि पहिल्या सहा जणांना एकच माप लागलं. सगळ्यांना एकदम बाद करणं क्रूर दिसतं. पण तुलनेने ती स्वच्छ कारवाई होती.

बाथर्स्ट

4 ऑक्टोबर 1987. बाथर्स्टचं माउंट पॅनोरमा सर्किट म्हणजे डोंगर चढून उतरणारा सार्वजनिक रस्ता. चढ-उतारातला फरक 174 मीटर. 161 फेऱ्या, 1000 किलोमीटर. आदल्या वर्षी कॉनरॉड या लांब सरळ रस्त्याच्या पायथ्याशी माइक बर्गमन या चालकाचा मृत्यू झाला होता. 1987 मध्ये त्या सरळ रस्त्यावर ‘द चेस’ नावाची नवी वळणं घातली गेली आणि फेरी 6.213 किलोमीटरची झाली.

स्विस तंत्रज्ञ रूडी एगनबर्गर यांच्या टीमच्या दोन काळ्या सिएरा पहिल्या दोन जागांवर आल्या. स्टीव्ह सोपर आणि पिअर द्यूदोने पहिले, लुडविग आणि नीडझविट्झ दुसरे. तिसरी आली पीटर ब्रॉकची होल्डन कमोडोर. ब्रॉकची कथा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तो तोवर बाथर्स्ट आठ वेळा जिंकलेला, देशाचा लाडका, पण त्याच वर्षी होल्डन कंपनीने त्याच्याशी संबंध तोडले होते. त्याची मुख्य गाडी, क्रमांक 05, इंजिन फुटून लवकर संपली. मग तो आणि डेव्हिड पार्सन्स टीमच्या दुसऱ्या गाडीत, पीटर मॅक्लाउडच्या 10 क्रमांकाच्या गाडीत बसले. डोंगरावर पाऊस आला तेव्हा ब्रॉक कोरड्या रस्त्याच्या गुळगुळीत टायरवर गाडी सावरत राहिला आणि तिसऱ्या जागेवर टिकला.

स्थानिक टीमांनी सिएरांविरुद्ध हरकती घेतल्या होत्या. एक इंधनाविषयी, दुसरी चाकांवरच्या कमानींविषयी. शेवटपर्यंत टिकली ती कमानींची. आरोप असा की मडगार्डच्या कमानींचा आकार बदलून मोठ्या टायरना जागा केली आहे. टर्बोच्या ताकदीची मागच्या चाकांनी चालणारी गाडी टायर खाते. मोठा टायर रस्त्याला जास्त भिडतो, थंड राहतो, जास्त फेऱ्या काढतो; हजार किलोमीटरच्या शर्यतीत म्हणजे टायर बदलायला पिटमध्ये कमी वेळा यावं लागतं. कमान काही मिलिमीटर मोकळी झाली की हे सगळं पदरात पडतं.

निकाल तात्पुरता राहिला. हरकत, सुनावणी, अपील असं ते पुढे सरकत राहिलं. पुढच्याच रविवारी, 11 ऑक्टोबरला, मेलबर्नजवळच्या कॅल्डर पार्कला गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा आदल्या शर्यतीचा विजेता कोण हे पक्कं नव्हतं. अखेर दोन्ही सिएरा बाद झाल्या. ब्रॉक, पार्सन्स आणि मॅक्लाउड विजेते ठरले. ब्रॉकचा तो नववा आणि शेवटचा बाथर्स्ट विजय. ज्या दिवशी व्यासपीठावर सर्वांत वरच्या पायरीवर उभं राहायचं, त्या दिवशी तो तिसऱ्या जागी उभा होता. आणि लुडविग-नीडझविट्झ यांच्या खात्यातले त्या दिवसाचे गुण गेले.

आमच्या विदर्भातल्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी सुटली की घड्याळ, पंच आणि गाव समोरासमोर असतं. भांडण काय व्हायचं ते धुळीतच होतं, आणि संध्याकाळी कोणाची जोडी पहिली हे प्रत्येकाला माहीत असतं. बाथर्स्टच्या डोंगरावरून लोक त्या संध्याकाळी जे बघून घरी गेले, ते नंतर खरं राहिलं नाही.

हिंगण्यातली सुनावणी

हे प्रकरण देताना मी शेवट सांगत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींचे तीन गट करतो. एक गट एगनबर्गरची टीम, दुसरा हरकत घेणारी स्थानिक टीम, तिसरा स्टुअर्ड मंडळ, म्हणजे शर्यतीच्या पंचांचं मंडळ, तीन जणांचं. कागद एवढेच: नियमाचा आशय, शर्यतीचा क्रम, हंगामाचा गुणतक्ता कसा चालतो त्याची टीप, आणि पुढची शर्यत सात दिवसांवर आहे ही सूचना. भाऊंच्या शेडमध्ये एका जुन्या गाडीचं मडगार्ड स्टँडवर लावलेलं असतं. त्याच्या एका बाजूची कड भाऊंनी आत मुडपलेली, दुसऱ्या बाजूची कमान वरून थोडी कापून परत वेल्ड करून रंगवलेली.

एगनबर्गर गटातल्या काटोलकडच्या मुलाने सुरुवात जोरात केली. ‘सर, शर्यत तं त्याईनंच जिंकली ना? मग काऊन बाद करून राहिले? टायर मोठा होता म्हून काय ड्रायव्हर झोपून चालवत होता काय?’ त्याचा दुसरा मुद्दा जास्त कसदार होता. ही टीम युरोपात वर्षभर धावली आहे, तपासणीतून जात आली आहे; मग ऑस्ट्रेलियात येऊनच हे कसं दिसलं? तपासणाऱ्याची नजर देशागणिक बदलत असेल तर टीमने गाडी कोणाच्या नजरेने बांधायची?

हरकत घेणाऱ्या गटातली मुलगी शांतपणे मडगार्डपाशी गेली आणि तिने मंडळाला हात फिरवायला सांगितलं. मुडपलेल्या बाजूला बोट सरळ जातं, कड फक्त आत वळलेली लागते. कापलेल्या बाजूला रंगाखाली वेल्डची रेघ हाताला लागते. ती म्हणाली, ‘कड आत घेणं वेगळं आणि कमान नव्याने घडवणं वेगळं. डोळ्याला फरक दिसत नाही, म्हणून आधी कोणी पकडलं नसेल. पण आधी पकडलं नाही म्हणून ते नियमात बसतं असं होत नाही.’ मागून भाऊंनी, कोणी विचारलेलं नसताना, पुस्ती जोडली: ‘पत्रा कापला असन तं तो कापलाच म्हना ना. रंग लावल्यानं जुना होते काय?’

गाडी नियमात बसते का, या प्रश्नावर मंडळाला फार वेळ लागत नाही. दर बॅचला एकमत होतं: नाही बसत. मी इथे एक गोष्ट फळ्यावर लिहून ठेवतो, कारण पुढच्या गोंधळात ती हरवते. 1987 मध्ये पत्र्याविषयीचा निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. प्रकरण कठीण होतं ते पुढे.

पुढे म्हणजे वेळ. मंडळातल्या एका मुलाने सुचवलं की निर्णय घाईत नको, तज्ज्ञ बोलवू, दोन-तीन आठवडे घेऊ. ऐकायला शहाणपणाचं. तेव्हा मी गुणतक्ता पुढे करतो आणि विचारतो: कॅल्डरला लुडविगने गाडी कशी चालवायची? पुढे असेल तर जपून, गुण सांभाळून. मागे असेल तर जोखीम घेऊन. तो पुढे आहे की मागे, हे त्याला सांगणारं कोणी नाही. रावाल्याचंही तेच. कच्च्या निकालावर पुढची शर्यत धावायला लावणं म्हणजे दोघांच्या हातून डावपेच काढून घेणं. तो मुलगा बराच वेळ आकडे खालीवर करत बसला आणि मग म्हणाला, ‘म्हणजे उशीर ही पण शिक्षाच आहे सर, पण दोघांनाही.’ मला या वाक्यात भर घालावीशी वाटली नाही.

दुसऱ्या टोकाचा मुद्दाही त्यांच्यातूनच आला. घाईत दिलेला निकाल अपिलात उलटला तर? म्हणून मंडळाने एक तोडगा लिहिला: शर्यतीच्या संध्याकाळीच मोजमाप पूर्ण करून आकडे दोन्ही बाजूंच्या सहीने नोंदवायचे, ते मडगार्ड काढून सील करून आयोजकांच्या ताब्यात ठेवायचं, पुढच्या शर्यतीत त्या टीमने मूळ आकाराचंच मडगार्ड लावायचं, आणि अपील झालं तर पुढच्या शर्यतीच्या झेंड्याआधी निकाल. सात दिवस पुरतात की नाही यावर वाद झाला. ऑस्ट्रेलियातली सुनावणी आणि पॅरिसमधली आंतरराष्ट्रीय संस्था यांच्यात 1987 मध्ये कागद कसे जात असतील याची मुलांना कल्पना करता येत नाही. फॅक्स आणि टेलेक्स समजावून सांगावे लागतात. तरीही वस्तू सील करून आकडे त्याच दिवशी गोठवायचे, ही सूचना तेव्हाही अमलात आणता आली असती असं माझं ठाम मत आहे. वाद मग फक्त अर्थाचा राहतो, वस्तुस्थितीचा नाही.

शिक्षा कोणाच्या खात्यावर

खरी धग इथे आहे. कमान ज्याने कापली तो मेकॅनिक. कापायला सांगणारी टीम. गुण गेले चालकांचे. मुलांना मी या टप्प्यावर शेवट सांगतो: रावाल्या एका गुणाने विश्वविजेता. आणि मग दुसरी ओळ: टीमचं विजेतेपद मात्र एगनबर्गरच्या फोर्डकडेच गेलं.

शेडमध्ये गलका होतो. ज्या टीमच्या गाड्या बाद झाल्या ती टीम विजेती, आणि त्या टीमसाठी स्टिअरिंग धरणाऱ्याचं विजेतेपद गेलं. हे घडलं ते कुणाच्या कटामुळे नव्हे. टीमच्या हिशेबात बाकीच्या शर्यतींची पुंजी मोठी होती, आणि चालकांच्या हिशेबात अंतर एका गुणाचं होतं, म्हणून तीच कारवाई एकीकडे पचली आणि दुसरीकडे जीव घेऊन गेली. पण ज्याच्या हातात दुरुस्ती होती त्याला कमी आणि ज्याच्या हातात नव्हती त्याला जास्त, असं वाटप झालं हे खरंच.

मंडळातले दोघे म्हणाले, चालकाचे गुण जायलाच हवेत. मोठ्या टायरचा फायदा त्यालाही मिळाला, आणि तो गुण ठेवला तर रावाल्याच्या हक्काचं काय? तिसरी सदस्य, वणीची मुलगी, मान्य करेना. तिचं म्हणणं: शर्यतीतला क्रमांक जरूर काढा, कारण तो गाडीचा आहे. पण टीमला त्यापलीकडे वेगळा दंड हवा, तिच्या विजेतेपदाच्या गुणांतून, आणि तो चालकाला बसलेल्या फटक्यापेक्षा जड हवा. ‘नाही तर टीम काय शिकल? पुढच्या वर्षी दुसरा ड्रायव्हर आणन, पुन्हा पत्रा कापन.’ तिने हे भिन्नमत स्वतंत्र पानावर लिहून सही करून दिलं. माझा कल तिच्याकडे आहे आणि मी तो मुलांपासून लपवत नाही.

रावाल्याविषयीही एक शब्द, कारण या सगळ्या चर्चेत त्याच्यावर अन्याय होतो. त्याला विजेतेपद आयतं मिळालं असा सूर काढणाऱ्यांना मी त्याची कारकीर्द दाखवतो: 1986 आणि 1988 ची युरोपीय टूरिंग कार विजेतेपदं, 1989 ची जर्मन मालिका. कमी ताकदीच्या गाडीत हंगामभर आपल्या गटात पुढे राहण्याचं काम त्याने स्वतः केलं होतं. मोन्झाच्या निकालाचा फटका बसूनही तो शेवटी पुढे राहिला हे विसरायला नको. पुढे 2005 नंतरच्या विश्व स्पर्धेत त्याची स्वतःची टीम बीएमडब्ल्यू घेऊन उतरली.

नंतर

1988 मध्ये विश्व स्पर्धा नाही. युरोपीय मालिकाही त्या वर्षानंतर थांबली. सिएरा आरएस500 मात्र थांबली नाही. बाथर्स्टला 1988 आणि 1989 दोन्ही वर्षी तीच जिंकली, आणि ते निकाल टिकले. म्हणजे गाडीत दम नव्हता म्हणून कमान कापावी लागली असं म्हणायला जागा नाही, आणि मला या प्रकरणातलं हेच सगळ्यांत जास्त लागतं. नियमात राहूनही ती पुरेशी वेगवान होती.

आमच्या मुलांनी या अभ्यासानंतर गाडीची वही सुरू केली. प्रत्येक पाइप कापण्याआधी आणि वेल्ड केल्यावर फोटो, तारीख, कॅलिपरवरचा आकडा, कोणी मोजलं त्याची सही. नियमाचा अर्थ दोन तऱ्हांनी लागतो असं दिसलं की तिथेच काम थांबवून आयोजकांना लेखी प्रश्न, आणि उत्तराची प्रत वहीत. गेल्या खेपेला रोल केजच्या (चालकाभोवतीच्या संरक्षक पाइपच्या पिंजऱ्याच्या) एका तिरप्या पाइपविषयी असा प्रश्न पाठवला; उत्तर आलं, पाइप दोन इंच सरकवावा लागला, एक रविवार गेला. वैतागलेल्या वेल्डरची समजूत काढायला वणीच्या त्याच मुलीला पाठवलं होतं.

भाऊंनी ते कापून रंगवलेलं मडगार्ड जपून ठेवलं आहे. पुढच्या बॅचला देताना मी कागदांत एक बदल करणार आहे: स्टुअर्ड मंडळाला गुणतक्ता सुरुवातीला द्यायचा नाही. पत्र्याचा निर्णय आणि दंडाची मात्रा त्यांनी आधी लिहून पाकिटात बंद करायची, मग तक्ता उघडायचा, आणि कोणाला आपलं पाकीट बदलून घ्यावंसं वाटतं ते बघायचं.